बाळंतिणीची गाडी

गेल्या हिवाळ्यात इथे विशाखापट्टणमला समुद्राकाठच्या रस्त्यावर जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली होती. नातवाने हट्ट धरला म्हणून गेलो. गाड्या अशा चकाकत होत्या की त्यात तोंड बघून भांग पाडावा. प्रत्येक गाडीपाशी कोट घातलेला मालक उभा आणि प्रत्येकाचं एकच पालुपद : सगळं मूळचं आहे, एक स्क्रू बदललेला नाही. एकाला मी विचारलं, चालवता केव्हा? तो हसून म्हणाला, चालवतो कुठली, आज इथपर्यंतसुद्धा ट्रकवर घालून आणली. आजूबाजूचे लोक वा वा करत होते. मला अशी चीड आली की नातवाचा हात धरला आणि तडक घरी निघून आलो. बिचाऱ्याचं आइस्क्रीम राहिलं.

जी गाडी कुणाला कुठे नेत नाही तिचं कौतुक कसलं? शोकेसमध्ये ठेवलेल्या कपबशीत आणि तिच्यात फरक काय?

घरी मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला राग येतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. खरं आहे. मी मुळातला घाबरट. पाचवीत शाळा सुटली, कुडाळकडच्या गावातून मुंबईला आलो, आणि कचेरीच्या दारातल्या शिपायालासुद्धा साहेब म्हणत मोठा झालो. रागावणं हे शिकलेल्यांचं, घरदार असलेल्यांचं काम असं मला वाटे. रागवावं कसं आणि कशासाठी, हे मला एका बाईंनी शिकवलं. त्यांच्याकडेही जुनी गाडी होती. तिच्यात मूळचं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं.

मनोरमाबाई फणसवाडीतल्या. घराणं मुंबईतलं पिढीजात, आजोबा आणि वडील कोर्टातले, गिरगावात मालकीच्या चाळी, दिवाणखान्यात पियानो. या डॉक्टर झाल्या. लग्न केलं नाही. घरच्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हणे बाईंनी उलट विचारलं, "का म्हणून?" हे दोन शब्द त्यांच्या तोंडात कायम असत. भाव वाढवणाऱ्या भाजीवाल्याला, वर्गणी मागणाऱ्या मंडळाला, आडव्या आलेल्या बैलगाडीला, सगळ्यांना हाच प्रश्न. आणि विचारून त्या थांबत. उत्तराची खरोखर वाट बघत. समोरच्याची त्यातच तारांबळ उडे, कारण असं काही विचारल्यावर कुणी उत्तरासाठी थांबेल याची कुणाला सवय नसते.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. पांढरी पाचवारी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. गाडी चालवताना मांडीवर फुटाण्यांची पुडी. गिरगावात दवाखाना घातला असता तर बंगला बांधला असता असं सगळे म्हणत. बाई रोज गाडी काढून लालबाग-परळला यायच्या आणि गिरणीवाल्यांच्या चाळींतून बाळंतपणं करत हिंडायच्या.

ती गाडी लढाईच्या आधीची, वडिलांनी घेतलेली, काळी आणि चौकोनी. पुढून हँडल मारल्याशिवाय ती जागी होत नसे. सुटे भाग विलायतेतून येणं बंदच झालं होतं, त्यामुळे मुंबईतल्या जुन्या गाड्या तेव्हा एकमेकींचं मांस खाऊन जगत. एक मेली की तिच्यावर चार तगत. बाईंची गाडी तगली ती बाबू मेस्त्रीमुळे. लालबागला त्याची पत्र्याची शेड होती आणि तिथे मी कामाला होतो. बाबू मूळचा सुतार, लॉऱ्यांच्या बॉड्या बांधायचा, पण हात कशालाही लावायचा. गिरणीच्या टाकाऊ चामडी पट्ट्यातून कापून त्याने बाईंच्या गाडीला पंख्याचा पट्टा केला होता. रेडिएटर गळायला लागला की बाई स्वतःच टोपण उघडून त्यात मूठभर हळद टाकत. "माणसाला चालते, हिला का चालू नये?" म्हणत. आणि चालायची. गळती बंद व्हायची. गाडी तापली की मात्र सगळ्या लालबागला कोणाच्या तरी लग्नघराचा वास यायचा.

मी भीत भीत काम करायचो. नट आवळला की पुन्हा पुन्हा जाऊन बघायचो, रात्री झोपेत आवळायचो. एकदा बाई आल्या तेव्हा सवयीने हात जोडले. बाई म्हणाल्या, "विश्राम, हे हात पाना धरायला आहेत. जोडायचे कुणापुढे हे आधी नीट ठरवत जा." मग जरा हसून मला फुटाणे दिले. मुंबईत मला स्वतःहून काहीतरी खायला देणारं ते पहिलं माणूस. मी ते पुडीसकट खिशात ठेवले.

गाडी कापायची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई अडली होती. मूल आडवं होतं, इस्पितळात नेणं भाग होतं. माणसांनी तिला खुर्चीतून खाली आणलं. पण तिला बसवेना. बाईंची गाडी खाली उभी होती, पण तिच्यातही बसण्यावाचून दुसरी सोय नव्हती, आणि ती बसूच शकत नव्हती. टॅक्सीवाल्याने काचेतून बघितलं आणि गाडी पुढे काढली, शिटा खराब होतील म्हणून. इस्पितळाची गाडी येईपर्यंत मूल गेलं होतं. आई जगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोरमाबाई शेडमध्ये आल्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र नेहमीचा. गाडीच्या मागच्या पत्र्यावर खडूने रेघ मारली आणि म्हणाल्या, बाबू, इथून कापायची.

बाबू मेस्त्रीने विडी विझवली. "बाई, बापाशीची गाडी ही. तेंच्या आत्म्याक काय वाटात?"

"वडील गेले," बाई म्हणाल्या. "गाडी आहे अजून."

बाबूने आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. मागची पाठ कापली, तिथे वर उघडणारं दार बसवलं, मागची काच त्याच दारात ठेवली. ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकली, मागची अर्धी काढली, आणि पुढून मागपर्यंत सागाची लांब फळी टाकली, वर काथ्याची गादी. ड्रायव्हरच्या मागे एकाला बसता येईल एवढी जागा. आडवं माणूस पाय पसरून सरळ मागून आत. विलायतेत गाड्या कापून त्यांना वेगात पळवायचा शौक असतो असं पुढे मी ऐकलं. आमचीही कापलेलीच होती, पण तिला कुठेही धक्का न देता जायचं असे. लालबागेत कुणी तिचं विलायती नाव घेतलं नाही. बाळंतिणीची गाडी म्हणत. अँटॉप हिलपासून शिवडीपर्यंत ती सगळ्यांना आवाजावरून कळे.

मग चळवळीचे दिवस आले. मोर्चे, बंद, लाठ्या, अश्रुधूर. मुंबई कुणाची यावर दिल्लीत बसून बोलणी चालली होती आणि मुंबईत ज्यांचे हात राबत होते त्यांना कुणी विचारत नव्हतं. आजही हे लिहिताना पेन कागदात रुततं. गोळीबाराच्या दिवसांत टॅक्सी, बस, काही मिळेना. बाळंतपणं काही थांबत नाहीत. बाई गाडी घेऊन फिरत होत्या आणि हँडल मारायला मी बरोबर. परळच्या एका नाक्यावर एक गिरणीवाला फुटपाथवर पडला होता, मांडीतून रक्त येत होतं. बाईंनी गाडी थांबवली. मी म्हटलं, बाई, हा काही आपला पेशंट नाही. बाई म्हणाल्या, "आडवा आहे ना? मग आपलाच." आम्ही त्याला फळीवर घातला.

पुढच्या वळणावर फौजदाराने अडवलं. दंगलखोराला पळवून नेता म्हणाला. बाईंनी त्याला विचारलं की हा माणूस पळताना दिसतो का. त्याने विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूच्या? बाई म्हणाल्या की मी त्याच्या डाव्या मांडीच्या बाजूची, आणि तिथून रक्त चाललंय. त्याने सोडलं. पण गाडी नीट पाहून ठेवली.

महिन्याभरात मोटारींच्या नोंदणी कचेरीतून नोटीस आली. गाडीत विनापरवाना फेरफार केल्याचा रिपोर्ट आहे, तपासणीला हजर करा. रक्तबिक्त, दंगलबिंगल कशाचाच उल्लेख नाही. सीट कमी आहेत, दार जास्त आहे, एवढीच तक्रार. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. समोरून यायची छाती नसली की माणसं कागद पुढे करतात. परवाना रद्द झाला तर गाडी रस्त्यावर येणार नव्हती, आणि गाडी नाही म्हणजे पुन्हा ती खुर्ची, ती टॅक्सी.

बाबू मेस्त्रीने तोड काढली. "पंखाचे नट घालूया, हातान सुटतले. सायबासमोर शिटा बसवूया, भायर इल्यावर काढून टाकूया. कोणाक कळतला?" मला ही तोड इतकी आवडली की मी नट शोधायलासुद्धा लागलो. बाईंनी आम्हा दोघांकडे असं बघितलं की मी नट परत डब्यात टाकले. मी चोरी केली आहे का, म्हणाल्या. चोरी नसेल तर लपवायचं का म्हणून? आहे तशी नेणार, आणि आहे तशी पास करून घेणार.

हे चाळींत कळलं. तपासणीच्या दिवशी सकाळी शेडसमोर बायकांची गर्दी. बाळंतिणीची गाडी परीक्षेला चालली, तर ती मोकळ्या ओटीने कशी जाईल? त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली, खण, तांदूळ, नारळ, सगळं साग्रसंगीत. गाडीला मांडी कुठली, म्हणून ओटी आतल्या फळीच्या पुढच्या टोकाला ठेवली. बाईंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या बायकांपैकी प्रत्येकीचं पोर त्यांच्या हातातलं. त्यांनी सगळं होऊ दिलं, आणि एका म्हातारीने त्यांनाही कुंकू लावलं तेव्हा कपाळ पुढे केलं.

कचेरीच्या आवारात इन्स्पेक्टरने गाडीभोवती चक्कर मारली. इंग्रजी बोलणारा, इस्त्रीचा माणूस. म्हणाला, ब्रेक बघू. बाई स्टिअरिंगशी, मी मागे, तो बाहेर उभा. गाडी आवारात पळवली आणि त्याने हात वर केला. बाईंनी ब्रेक दाबला. पाय खाली जाईचना. गाडी सरळ जाऊन भिंतीपाशी ठेवलेल्या रिकाम्या पिंपांवर आदळली. पिंपं गडगडत आवारभर पसरली. सगळी कचेरी खिडक्यांत.

फळीवरून नारळ घरंगळून बरोबर ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसला होता. सीट असती तर तिथे अडला असता. सीटच तर आम्ही काढली होती.

इन्स्पेक्टरने वाकून बघितलं आणि हसत सुटला. म्हणाला, ही डॉक्टरची मोटार की देवळाचा रथ? कारकूनही हसले. मला वाटलं जमीन फाटावी. बाईंनी नारळ बाहेर काढला, एका पिंपाच्या काठावर फोडला, आणि पहिला तुकडा त्याच्या हातात ठेवला. शांतपणे म्हणाल्या, "ज्यांनी हा दिला त्यांच्यावर हसायचं असेल तर लालबागला येऊन त्यांच्या तोंडावर हसा. आता ब्रेक परत बघा." त्याने बघितला. गाडी जिथल्या तिथे उभी राहिली. हसणं बंद झालं, पण फेरफाराचा मुद्दा कायम. एक तर सीट परत बसवा, नाहीतर रुग्णवाहिका म्हणून नोंदवा. आणि रुग्णवाहिका फक्त संस्थेला मिळते. तुम्ही संस्था आहात का? बाई म्हणाल्या, मी एकटी पुरत नाही का? तुमची कुठली संस्था पहाटे तीन जिने चढते? शेवटी वाद चुकवायला त्याने काही महिन्यांची सवलत लिहून दिली. ती संपली की पुन्हा जायचं, पुन्हा ताटकळायचं, पुन्हा नवी सवलत.

अशी वर्षं गेली. दर वेळी परत येताना मी रडकुंडीला आलेला असायचो आणि बाई मलाच समजावत. म्हणायच्या, थांब, आपलं राज्य येऊ दे. एरवी कशावर विश्वास न ठेवणारी ती बाई, पण यावर मात्र तिचा भरवसा होता. आपली माणसं त्या खुर्चीत बसली की त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. त्यांच्या आया, बहिणी याच चाळींतून बाळंत झालेल्या असतील. मलाही पटायचं. सगळ्यांनाच पटायचं.

महाराष्ट्र झाला. लालबागला दिवे, पेढे, ढोल. बाबू मेस्त्रीने बाईंच्या गाडीला झेंडूचं तोरण बांधलं. सवलत संपायच्या आतच बाई कचेरीत गेल्या, नवी इस्त्रीची साडी नेसून. मी बरोबर.

साहेब नवा होता. आपला, मराठी. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. ताई म्हणाला. माझ्याकडे बघून, तुम्हीही बसा हो, म्हणाला. मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलो. त्याने बाईंच्या कामाचं कौतुक केलं, आपल्याला सगळं माहीत आहे म्हणाला, चळवळीतल्या दिवसांबद्दल दोन शब्द हळवेपणाने बोलला. मग कागद पुढे ओढला आणि म्हणाला की सवलत यापुढे देता येणार नाही.

बाईंना वाटलं, पक्का परवानाच देतोय. त्यांनी तसं विचारलंही.

"तसं नव्हे, ताई. गाडी पूर्ववत करावी लागेल," तो म्हणाला. "आतापर्यंत राज्य परक्यांच्या मर्जीवर होतं, तेव्हाची गोष्ट वेगळी. आता राज्य आपलं आहे. आपणच आपले नियम मोडायचे म्हणजे कसं?"

या वेळी बाईंनी का म्हणून असं विचारलं नाही. मी वाट बघत होतो. चहावर साय धरली.

मग म्हणाल्या, "नाही हा शब्द मराठीत ऐकायला मिळावा म्हणून माणसं मेली नाहीत हो."

उठल्या. मला म्हणाल्या, पाना आण. मी गाडीतून पाना आणला. बाईंनी आवारात उकिडवं बसून, पदर खोचून, पुढची नंबराची पाटी सोडवली, मग मागची. मी पुढे झालो, पण मला हात लावू दिला नाही. दोन्ही पाट्या आत नेऊन साहेबाच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवल्या.

"त्या गाडीत तुमचं एवढंच होतं. ते घ्या. आता ती तुमच्या दप्तरात नाही, तेव्हा तिच्यात फेरफार झाला असंही तुम्हाला म्हणता येणार नाही."

साहेब गडबडला. ताई, ताई, विनानंबरची गाडी जप्त करावी लागेल, असं काहीबाही म्हणत दारापर्यंत आला. चहा तरी घ्या म्हणाला. खरंच म्हणाला. बाईंनी मला हँडल मारायला सांगितलं.

मी हँडल मारलं. माझ्या मनात नेहमीची भीती होतीच, पकडतील, कोंडतील, गावाला कळेल. पण तिच्या वर काहीतरी तापत होतं, आणि आवारातून बाहेर पडताना मी त्या साहेबाकडे वळून बघितलं तेव्हा माझे हात जोडलेले नव्हते.

पुढे थोड्याच महिन्यांत मला इथे विशाखापट्टणमच्या गोदीत काम मिळालं. खटपट बाईंनीच केली. म्हणाल्या, तुझ्या हातात कला आहे, शेडमध्ये कुजू नकोस. गाडीचं नंतर काय झालं याबद्दल मी वेगवेगळं ऐकलं. कुणी म्हणे जप्त झाली, कुणी म्हणे बाई होत्या तोवर फिरत होती. मला जे दिसलं तेवढंच मी सांगू शकतो.

निघायच्या दिवशी ट्रंक घेऊन लालबागच्या नाक्यावर उभा होतो. लांबून तो आवाज आला. नाक्यावर नवाच शिपाई होता, कोवळा, घाटावरचा असावा. विनापाटीची गाडी येताना बघून त्याने हात आडवा केला, शिट्टी वाजवली. बाईंनी वेग कमी केला पण थांबल्या नाहीत. तो चिडून धावत गाडीच्या मागे आला, काचेवर थाप मारायला हात उगारला, आणि हात तसाच राहिला. काचेच्या आत दोन पाय होते. अडलेल्या बाईचे. बोटांत जोडवी, टाचा भेगाळलेल्या, आणि एक तळवा काचेला इतक्या जोराने टेकलेला की पांढरा पडला होता.

शिपाई मागे फिरला. धावत नाक्याच्या मधोमध गेला, दोन्ही हात पसरले आणि सगळा रस्ता अडवला, ट्राम, बस, लॉऱ्या, घोड्यांच्या व्हिक्टोरिया, सगळं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. पुढे वाकून, मान न हलवता, खड्डे चुकवत त्या परळच्या इस्पितळाच्या दिशेने निघून गेल्या. मागच्या दाराखाली, जिथे पाटी होती तिथे, स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती.

गाडी वळली तरी शिपायाने हात खाली घेतले नाहीत. अडकलेले लॉरीवाले हॉर्न मारत होते. मारू देत.